अंतर भागिले वेग : एका सोप्या उत्तराची उलटतपासणी

दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला विमानाने जायला किती वेळ लागतो? आठवी-नववीच्या वर्गात हा प्रश्न विचारला, की चुणचुणीत विद्यार्थी प्रथम अंतर विचारतात आणि मग विमानाचा वेग. अंतरांच्या तक्त्यात या दोन शहरांमधील हवाई अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर सापडते. प्रवासी जेट विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरण्याची प्रथा आहे. भागाकार केला, की उत्तर येते पावणेचौदा तासांच्या किंचित वर. फळ्यावर उत्तराखाली दोन रेघा मारल्या जातात आणि वर्ग पुढच्या उदाहरणाकडे वळतो.

आता वस्तुस्थिती पाहू. एअर इंडियाने या दोन शहरांमधील थेट सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सुरू केली. सुरुवातीला विमान दिल्लीहून पश्चिमेकडे निघून अटलांटिक महासागर ओलांडत असे. हा मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरचा होता आणि त्याला सुमारे साडेसोळा तास लागत. ऑक्टोबर २०१६ मध्ये दिशाच बदलण्यात आली. विमान पूर्वेकडे निघून, चीन व जपानवरून, पॅसिफिक महासागर ओलांडून जाऊ लागले. हा मार्ग सुमारे १५,३०० किलोमीटरचा, म्हणजे आधीच्यापेक्षा १,४०० किलोमीटरनी लांब. वेळ मात्र साडेचौदा तास, म्हणजे जवळजवळ दोन तासांनी कमी. वाट वाकडी केली आणि लवकर पोचले!

फळ्यावरच्या उत्तरात या घटनेला कोठेच जागा नाही. एकच अंतर, एकच वेग आणि म्हणून एकच वेळ, असा त्याचा घाट आहे. आपल्या शाळांमध्ये हे उत्तर तीन साधनांच्या आधारे तयार होते : भिंतीवरचा जगाचा नकाशा, अंतरांचा तक्ता आणि गणिताच्या पुस्तकातील काळ-काम-वेगाचे उदाहरण. या तिन्ही साधनांची येथे तपासणी करायची आहे. ती निरुपयोगी आहेत असे माझे म्हणणे नाही. परंतु प्रत्येक साधन काहीतरी गृहीत धरते, ते गृहीतक वर्गात बोलून दाखवले जात नाही, आणि म्हणून विद्यार्थी त्यालाच निसर्गनियम समजून बसतात, ही माझी तक्रार आहे.

भिंतीवरचा नकाशा

पहिली पाळी नकाशाची. अनेक वर्गांत लावलेला जगाचा नकाशा मर्केटर पद्धतीचा किंवा तिच्या जवळपासचा असतो. गेरार्डस मर्केटर याने हे प्रक्षेपण १५६९ मध्ये तयार केले, ते खलाशांसाठी. होकायंत्राची दिशा न बदलता जहाज हाकत राहिले, तर त्याचा मार्ग या नकाशावर सरळ रेषेत दिसतो. दिशा सांभाळणे हेच ज्या काळी जिवावरचे काम होते, त्या काळी हा मोठाच गुण होता. पण त्याची किंमत अंतरांनी आणि क्षेत्रफळांनी मोजली. विषुववृत्तापासून जसजसे दूर जावे, तसतसे सर्व काही ताणले जाते. ६० अंश अक्षांशावर लांबी दुप्पट दिसते, ७५ अंशांच्या पुढे जवळजवळ चौपट. सुमारे २२ लाख चौरस किलोमीटरचे ग्रीनलँड ३३ लाख चौरस किलोमीटरच्या भारतापेक्षा कितीतरी मोठे दिसते, हे उदाहरण बहुतेक शिक्षकांना ठाऊक असते. अंतराच्या बाबतीत होणारी फसगत मात्र फारशी सांगितली जात नाही.

या नकाशावर विद्यार्थ्याने दिल्लीपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत पट्टीने रेघ मारली, तर ती इराण, इराक, उत्तर आफ्रिका, अटलांटिक महासागर आणि नंतर जवळजवळ संपूर्ण अमेरिका ओलांडून जाईल. पट्टीने मारलेली रेघ, म्हणून ती सर्वांत जवळची असणार, असे त्याला वाटते. गणित केले तर या मार्गाची लांबी सुमारे १८,६०० किलोमीटर भरते. पॅसिफिक महासागर मध्यभागी असलेला नकाशा घेतला आणि पूर्वेकडून तशीच रेघ मारली, तर सुमारे १५,००० किलोमीटर. तक्त्यातला आकडा आहे १२,४००! एकाच दोन शहरांमधील तीन अंतरे, आणि त्यातली दोन पट्टीने काढलेली.

यावरचा उतारा स्वस्त आहे. शाळेतला पृथ्वीगोल घ्या आणि दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. ताणलेला दोरा जेथून जातो तो सर्वांत जवळचा मार्ग. त्याला बृहद्वृत्ताचा कंस म्हणतात, म्हणजे ज्या वर्तुळाचे केंद्र पृथ्वीच्या केंद्राशी येते अशा वर्तुळाचा तुकडा. गोलाचा व्यास ३० सेंटिमीटर असेल, तर त्याचा परीघ ९४ सेंटिमीटरांच्या आसपास असतो, आणि पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर. म्हणजे दोऱ्याचा एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. दोरा २९ सेंटिमीटरांहून किंचित अधिक भरेल, आणि तक्त्यातला आकडा मुलांच्या हातात येईल.

हा दोरा कोठून जातो ते नीट पाहायला सांगावे. तो दिल्लीहून पूर्वेकडेही जात नाही आणि पश्चिमेकडेही जात नाही. तो जवळजवळ उत्तरेलाच निघतो, उत्तरेपासून अवघे साडेसोळा अंश पूर्वेला कलून. हिमालय, तिबेटच्या पठाराची पश्चिम बाजू, सायबेरिया, मग ७५ अंश उत्तर अक्षांशापलीकडे आर्क्टिक महासागर, तेथून अलास्का आणि मग दक्षिणेला उतरत कॅलिफोर्निया. भिंतीवरच्या नकाशावर हा मार्ग काढून दाखवला तर तो डोंगरासारखा उंच चढून उतरलेला दिसतो, कारण जेथे तो जातो तेथेच नकाशा सर्वांत जास्त ताणलेला आहे. ‘अमेरिका पश्चिमेला आहे’ हे वाक्य वर्गात आपण किती सहज म्हणतो! दिल्लीच्या दृष्टीने अमेरिकेचा हा किनारा उत्तरेला आहे असे म्हणणे जास्त खरे ठरेल.

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी हे अंतर त्रिकोणमितीनेही काढावे. दोन्ही अक्षांशांच्या साइनांचा गुणाकार करायचा. त्यात दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनांचा आणि रेखांशांतील फरकाच्या कोसाइनचा गुणाकार मिळवायचा. येणारी संख्या म्हणजे दोन्ही शहरांनी पृथ्वीच्या केंद्राशी केलेल्या कोनाचा कोसाइन. दिल्ली विमानतळ २८.५७ अंश उत्तर, ७७.१ अंश पूर्व. सॅन फ्रान्सिस्को विमानतळ ३७.६२ अंश उत्तर, १२२.३८ अंश पश्चिम. कोसाइन उणे ०.३६४ येतो आणि कोन १११.३ अंश. पृथ्वीच्या पृष्ठभागावर एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटर, म्हणून अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर. याच रीतीतून आणखी एक कसोटी मिळते. हा कोन १८० अंशांपेक्षा मोठा असूच शकत नाही. म्हणून पृथ्वीवरील कोणत्याही दोन ठिकाणांमधले हवाई अंतर सुमारे २०,००० किलोमीटरपेक्षा जास्त नसते. एखाद्या तक्त्यात त्याहून बराच मोठा आकडा दिसला, तर तो बेलाशक खोडावा.

तक्त्यातले अंतर कोणाचे?

नकाशाला दोष देऊन तक्ता निर्दोष ठरवला, तर तपासणी अर्धवट राहील. तक्त्यातले १२,४०० किलोमीटर हे दोऱ्याचे अंतर आहे. विमानाने कापलेले अंतर नव्हे. या दोन्हींत फरक का पडतो, याची कारणे मुलांना विचारली, की पहिले उत्तर हमखास येते : “विमान उंचावरून जाते ना, म्हणून अंतर वाढते.” हे उत्तर चूक म्हणून झटकू नये, तपासून पाहावे. विमान साधारण ११ किलोमीटर उंचीवरून जाते आणि पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर आहे. अंतर वाढेल ते याच प्रमाणात, म्हणजे १२,४०० किलोमीटरमागे सुमारे २१ किलोमीटर. कारण बरोबर, पण परिणाम नगण्य. विज्ञानात नुसते कारण पुरत नाही, त्याचे मापही घ्यावे लागते, हा धडा येथे फुकट मिळतो.

मोठी कारणे वेगळीच आहेत. पहिले भूगोलाचे. दिल्लीहून निघणारा दोरा लगेच हिमालय आणि तिबेटच्या पठारावर चढतो. या पठाराची सरासरी उंची ४,५०० मीटरहून अधिक आहे. प्रवासी विमानाच्या आत हवेचा दाब कृत्रिमरीत्या राखलेला असतो. काही बिघाड होऊन तो दाब गेला, तर वैमानिकाला झपाट्याने सुमारे ३,००० मीटर उंचीपर्यंत खाली यावे लागते, म्हणजे प्रवाशांना नुसत्या हवेत श्वास घेता येतो. खाली पठारच साडेचार हजार मीटर उंच असेल, तर उतरायचे कोठे? म्हणून या भागावरून जाणारे मार्ग मोजके आहेत आणि त्यांना जादा प्राणवायूची तजवीज लागते. दुसरे कारण सुरक्षिततेच्या नियमांचे. एखादे इंजिन बंद पडले तर ठरावीक वेळात गाठता येईल असा विमानतळ वाटेत असावा लागतो. दोन इंजिनांच्या विमानांना महासागर किंवा ध्रुवप्रदेश ओलांडताना हा नियम सांभाळूनच मार्ग आखावा लागतो.

तिसरे कारण भूगोलाच्या पुस्तकात कमी आणि वर्तमानपत्रात जास्त भेटते. आकाशाला सीमा नसतात हे वाक्य निबंधात शोभते. विमानाच्या आकाशाला सीमा असतात. २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियाचे आकाश अनेक युरोपीय कंपन्यांना बंद झाले. हेलसिंकीहून टोकियोला जाणाऱ्या फिनलंडच्या विमानांना पूर्वी साडेनऊ तासांच्या आसपास लागत, ते सुमारे तेरा तास लागू लागले, आणि त्यातली काही विमाने चक्क उत्तर ध्रुवावरून वळसा घालू लागली. पाकिस्तानने २०१९ मध्ये काही महिने, आणि पुन्हा एप्रिल २०२५ मध्ये, भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना अरबी समुद्रावरून लांबचा फेरा पडला. या सर्व काळात तक्त्यातले अंतर एका किलोमीटरनेही बदलले नाही!

तक्त्यावर माझा आक्षेप इतकाच, की तो ‘अंतर’ हा एकच शब्द वापरतो. त्याने ‘बृहद्वृत्ताचे अंतर’ असे लिहिले असते, तर विद्यार्थ्याला निदान एवढे कळले असते, की ही भूमितीतली किमान मर्यादा आहे. प्रत्यक्ष मार्ग तिच्याहून लांब असू शकतो, आखूड कधीच नाही.

वेग, पण कशाच्या संदर्भात?

आता तिसरे साधन, काळ-काम-वेगाचे उदाहरण. विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर, हे विधान अपुरे आहे. विमान हवेवर तरंगते, त्याची इंजिने हवा मागे लोटतात. म्हणून त्याचा हा वेग हवेच्या संदर्भातला असतो. शहरे मात्र जमिनीवर आहेत. हवाच वाहत असेल, तर जमिनीच्या संदर्भातला वेग निराळा होतो. गंमत अशी, की हे सर्व आपण वर्गात शिकवतोच. नदीच्या प्रवाहाच्या दिशेने आणि प्रवाहाच्या उलट जाणाऱ्या नावेची उदाहरणे मुले पानेच्या पाने सोडवतात. पण पुढच्या पानावर विमान आले, की नदी आटते. नाव आणि विमान हे एकच उदाहरण आहे, हे कोणी सांगत नाही.

आणि ही वरची नदी लहानसहान नव्हे. मध्य अक्षांशांमध्ये, साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान हवेचे अरुंद पट्टे असतात. त्यांना झोतवारे किंवा जेट प्रवाह म्हणतात. उष्ण कटिबंधातील आणि ध्रुवीय प्रदेशातील हवेच्या तापमानातला फरक त्यांना ऊर्जा पुरवतो, आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तरेकडे निघालेली हवा पूर्वेकडे वळते. हिवाळ्यात जपानजवळ त्यांचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्याही वर जातो. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. त्यांनी आपला अहवाल १९२६ मध्ये एस्परांतो या कृत्रिम जागतिक भाषेत प्रसिद्ध केला, आणि जगाने तो वाचलाच नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंचावरून बॉम्बफेक करायला निघालेल्या अमेरिकन विमानांना हे वारे आडवे आले, तेव्हा त्यांची दखल घेणे भाग पडले. नोव्हेंबर १९५२ मध्ये पॅन अमेरिकन कंपनीच्या विमानाने टोकियोहून होनोलुलूला जाताना याच वाऱ्यांचा आधार घेतला आणि अठरा तासांचा प्रवास साडेअकरा तासांत उरकला. आपल्याकडे पावसाळ्यात याच्या उलट, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा उष्ण कटिबंधीय झोतवारा दक्षिण भारतावर असतो. तो आणखी उंचावर, चौदा-पंधरा किलोमीटरच्या आसपास असतो. त्याचा अभ्यास भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केला.

अगदी अलीकडचे उदाहरण फेब्रुवारी २०२० मधले. अटलांटिकवर मोठे वादळ असताना न्यू यॉर्कहून लंडनला जाणारे एक बोइंग ७४७ विमान ४ तास ५६ मिनिटांत पोचले. वाटेत जमिनीच्या संदर्भातला त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. त्या उंचीवर ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर असतो. मग या विमानाने ध्वनीची मर्यादा ओलांडली का? नाही. भोवतालच्या हवेच्या संदर्भात ते नेहमीच्याच वेगाने चालले होते. हवाच त्याला घेऊन धावत होती. सापेक्ष वेग शिकवायला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

येथे एक जुना प्रश्न हमखास उभा राहतो. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विषुववृत्तावर हा वेग ताशी सुमारे १,६७० किलोमीटर आहे. मग विमान नुसते हवेत थांबले, तरी खालची पृथ्वी सरकून ते पश्चिमेला जायला नको का? हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी मंद नसतो, विचार करणारा असतो. त्याला सांगावे, की हवा पृथ्वीबरोबरच फिरते, आणि विमानही उड्डाणापूर्वीपासून त्याच वेगाने फिरत असते. धावत्या आगगाडीत सरळ वर उडी मारली, तर आपण जागच्या जागीच पडतो. परिवलनाचा फायदा-तोटा विमानाला थेट मिळत नाही, तो वाऱ्यांच्या मार्फत मिळतो. आणि तोही अपेक्षेच्या उलट! पश्चिमेकडे जाणारे विमान रखडते, पूर्वेकडे जाणारे लवकर पोचते.

बरोबर उत्तर, चुकलेल्या पायऱ्या

आता दिल्लीच्या विमानाकडे परत येऊ. पश्चिमेकडच्या मार्गावर १३,९०० किलोमीटरला साडेसोळा तास, म्हणजे सरासरी ताशी सुमारे ८४० किलोमीटर. पूर्वेकडच्या मार्गावर १५,३०० किलोमीटरला साडेचौदा तास, म्हणजे ताशी सुमारे १,०५५ किलोमीटर. विमान तेच, इंजिने तीच, हवेच्या संदर्भातला वेगही तोच, ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास. दोन सरासऱ्यांमधला ताशी दोनशेहून अधिक किलोमीटरचा फरक हा मुख्यतः वाऱ्याचा. दोन तास वाचले, म्हणजे या आकाराच्या विमानाचे पंधरा टनांच्या आसपास इंधन वाचले. एक किलो विमान-इंधन जळले, की ३ किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका फेरीमागे पंचेचाळीस टनांच्या आसपास. आपल्या काळ-काम-वेगाच्या उदाहरणाने दुर्लक्षिलेली गोष्ट एवढी वजनदार आहे.

येथे फळ्यावरच्या उत्तराकडे पुन्हा एकदा पाहावे. ते होते पावणेचौदा तासांच्या वर, आणि प्रत्यक्षात लागले साडेचौदा. उत्तर जवळजवळ बरोबरच आले की! पण ते कसे आले? अंतर १२,४०० धरले, प्रत्यक्षात होते १५,३००, म्हणजे जवळजवळ पाव भागाने अधिक. वेग ९०० धरला, प्रत्यक्षात १,०५५, म्हणजे सतरा टक्क्यांनी अधिक. दोन चुका एकमेकींना झाकून गेल्या. गणिताच्या पेपरात उत्तर बरोबर आणि पायऱ्या चुकलेल्या असल्या, तर आपण गुण कापतो. मग पुस्तकाचे गुण कोणी कापायचे? जवळपास जमलेले उत्तर हे रीत बरोबर असल्याचा पुरावा नव्हे. प्रयोगशाळेत हा धोका आम्हा संशोधकांना रोज सांभाळावा लागतो. तो शाळेतच ओळखीचा झाला तर बरे.

आणखी एक बारकावा. जाताना वारा मदत करतो आणि येताना अडवतो, म्हणजे हिशेब फिटला, असे म्हणता येईल का? समजा अंतर ९,००० किलोमीटर, विमानाचा वेग ९०० आणि वारा १००. वारा नसताना जाऊन-येऊन वीस तास लागतील. वारा असताना जायला नऊ तास आणि यायला सव्वाअकरा, एकूण सव्वावीस. वारा सारखाच असूनही तोटाच झाला, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ असते. हे बीजगणिताने सिद्ध करणे नववीच्या विद्यार्थ्याला सहज जमेल. मग दिल्लीच्या विमानाने सॅन फ्रान्सिस्कोहून परतताना कोणती दिशा धरावी, हा प्रश्न विचारून पाहावा. पृथ्वी गोल आहे याचा खरा उपयोग काय, ते वर्गाला तेव्हा कळेल.

दोऱ्याचाही अभिमान नको

नकाशा चुकवतो हे समजल्यावर शिक्षक दोऱ्याच्या बाजूने बोलू लागतात, आणि मग दुसरे टोक गाठले जाते. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाच्या महिला वैमानिकांच्या चमूने सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला उत्तर ध्रुवावरून विमान आणले. ध्रुवावरून गेले म्हणजे सर्वांत जवळच्या वाटेने गेले, असा समज यातून सहज होतो. दोरा ताणून पाहा. या दोन शहरांमधले बृहद्वृत्ताचे अंतर सुमारे १३,९९० किलोमीटर आहे, पण तो मार्ग ७१ अंश उत्तर अक्षांशाच्या पलीकडे जातच नाही. नेमके ध्रुवावरून जायचे, तर दोन्ही शहरांपासून ध्रुवापर्यंतची अंतरे मिळवावी लागतात, आणि ती बेरीज सुमारे १४,३६० किलोमीटर होते. म्हणजे ध्रुवावरची वाट पावणेचारशे किलोमीटरनी लांबच. किमान अंतर आणि किमान वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथेही लक्षात ठेवावे लागते.

याच उड्डाणावरून घड्याळाचे उदाहरणही घालता येते. वेळापत्रकाप्रमाणे विमान ९ जानेवारीला रात्री साडेआठला निघून ११ जानेवारीला पहाटे पावणेचारला बंगळूरला पोचायचे होते. हिवाळ्यात दोन्ही शहरांच्या घड्याळांत साडेतेरा तासांचा फरक असतो, म्हणून प्रवास पावणेअठरा तासांचा. उलट दिशेने, हिवाळ्यात दिल्लीहून पहाटे चारला निघून साडेचौदा तास उडालेले विमान सॅन फ्रान्सिस्कोला त्याच तारखेला पहाटे पाचला उतरेल! घड्याळांची नुसती वजाबाकी करणाऱ्याच्या मते प्रवास एका तासाचा. शिवाय वेळापत्रकातला काळ हा विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंतची रांग त्यात धरलेली असते.

मग करायचे काय?

एवढे सगळे आठवीच्या मुलांना सांगून गोंधळ वाढवायचा का, असा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. सोपे उदाहरण सोपेच असावे. अंतर भागिले वेग ही रीत टाकून देण्याजोगी नाही. वैमानिकाचा संगणकही शेवटी मार्गाचे लहान लहान तुकडे करून प्रत्येक तुकड्याला हाच भागाकार लावतो. फक्त तो प्रत्येक तुकड्यासाठी त्या ठिकाणचा वारा विचारात घेतो. म्हणून माझी सूचना साधी आहे. उदाहरणात एक वाक्य वाढवावे : ‘वारा नाही आणि विमान बृहद्वृत्तावरून जाते असे समजा.’ या एका वाक्याने उत्तर बदलत नाही, पण ते कोठपर्यंत खरे आहे त्याची हद्द आखली जाते.

आणि परीक्षेत दोन गुण आणखी ठेवावेत. पहिला गुण भागाकाराला. दुसरा, प्रत्यक्षात वेगळा वेळ लागण्याचे एक कारण लिहिणाऱ्याला. तिसरा, त्या कारणाने वेळ वाढेल की घटेल आणि अंदाजे किती, हे सांगणाऱ्याला. ‘विमान उंचावरून जाते’ असे लिहून ‘पण त्याने फरक मिनिट-दोन मिनिटांचाच पडेल’ असे जो विद्यार्थी पुढे लिहील, त्याला तिन्ही गुण बिनदिक्कत द्यावेत.